सदरहू मांजरीबाबत

अण्णांना अर्धवट राहिलेलं काम बघवत नाही, आणि पूर्ण झालेलं काम बघायला ते थांबत नाहीत. या दोहोंच्या मधे जी एक अवस्था असते, तिला ते ‘निकाली’ म्हणतात. साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होताना त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शेरा मारायची सवय मात्र त्यांनी आपली आपण घरी आणली.

घरात एक नोंदवही आहे. न्हाणीघरातला नळ गळायला लागला की तिच्यात नोंद होते. प्लंबर वायसर बदलून गेला की समोर तारखेसह ‘निकाली’ पडतं. रात्री नळ पुन्हा ठिबकू लागला तर काकू सांगायला जातात. अण्णा म्हणतात, “ते प्रकरण बंद झालंय. हे नवीन. याचा वेगळा अर्ज लागेल.” काकू नळाखाली बादली ठेवतात.

अशी माणसं फक्त सरकारी नोकरीत तयार होतात असं समजू नका. ताप उतरला की त्याच दिवशी गोळ्या बंद करणारे, स्वतःच भांडण काढून ‘चला, विषय संपला’ असं स्वतःच जाहीर करणारे, डांबर ओलं असताना रस्त्याची फीत कापणारे, ही सगळी एकाच गोत्रातली. अण्णा त्यांच्यातले प्रामाणिक. त्यांच्याकडे लेखी पुरावा असतो.

मांजर नातीने आणली. राजवाड्याजवळ पावसात भिजत बसलेलं पिल्लू तिने दप्तरातून घरी आणलं, त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं आणि बारावी होताच पुण्याला इंजिनियरिंगला निघून गेली. नाव तिच्याबरोबर गेलं, मांजर राहिली. नोंदवहीत अण्णांनी तिचा उल्लेख ‘सदरहू मांजर’ असा केला होता. तोच हळूहळू बोलण्यात आला. “सदरहूला दूध दिलं का?” “सदरहू गच्चीवर आहे का बघा.” आता ‘सदरहू’ म्हटलं की ती शेपूट उभी करून जिना उतरते.

तर या सदरहूला मे महिन्याच्या अखेरीस पिसवा झाल्या. हे तेव्हा कोणाला कळलं नाही. आधी काकूंच्या घोट्याच्या वर तांबडे टिपके उठले. ‘डास’ अशी नोंद झाली, कॉइल पेटली, प्रकरण निकाली. मग सदरहू मागच्या पायाने मान खाजवता खाजवता खाजवणं सोडून एकदम जागेवरून उडायला लागली. तिच्या बसायच्या पोत्यावर बारीक काळी कणी दिसू लागली. नातीने फोनवरून सांगितलं, “आजोबा, ती कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. धूळ असेल तर तशीच राहील. तांबूस डाग पसरला तर पिसवांची विष्ठा. म्हणजे मांजरीचंच रक्त, पचून बाहेर आलेलं.”

अण्णांनी रीतसर पंचनामा केला. कागद ओला केला, कणी टाकली, आणि कणीभोवती तांबूस वर्तुळ पसरायला लागलं. पंच म्हणून माझी आणि खालच्या इस्त्रीवाल्याची सही घेतली. इस्त्रीवाल्याने सही करून झाल्यावर विचारलं, “पण अण्णा, आरोपी कुठंय?” आरोपी त्या वेळी कपाटावर बसून कान खाजवत होती.

सगळ्यात आधी अंघोळ. मांजरीला अंघोळ घालणं हे काम ज्यांनी केलंय त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी केलेलं नाही त्यांचा विश्वास बसणार नाही, म्हणून त्यातला तांत्रिक भाग तेवढा सांगतो. फाईल नेहमी खालून वर जाते. त्या सवयीने अण्णांनी साबण शेपटीकडून लावायला सुरुवात केली. पिसवांनाही वर जायची वाट तेवढीच मोकळी दिसली. साबण कमरेपर्यंत येईतो सगळा कबिला मानेवर, कानामागे आणि डोळ्यांभोवती जमला, आणि तिथे साबण लावायला सदरहूने साफ नकार दिला. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आधी गळ्याभोवती फेसाचं कडं करायचं आणि मग खाली उतरायचं. अण्णांच्या हातावर तेव्हा आयोडीन होतं. “म्हणजे वरिष्ठांपासून सुरुवात करायची,” ते म्हणाले. “हे आमच्या खात्यात कधी घडलं नाही.”

अंघोळीनंतर उपायांची यादी झाली. आपल्याकडे रोग सांगायचा अवकाश, उपाय चालत येतात. एकाने कडुनिंबाचा पाला उकळायला सांगितला, दुसऱ्याने खोबरेल तेलात कापूर. तिसऱ्याने पाण्यात फिनेल, चौथ्याने तंबाखूचा काढा, पाचव्याने जेवणातून लसूण. रॉकेलही सुचवलं गेलं, पण ते आता सहजी मिळत नाही हे सदरहूचं नशीब. मागच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थाने तर आपल्या कुत्र्याच्या औषधाची उरलेली अर्धी नळी फुकट देऊ केली. फुकट वस्तू नाकारणं अण्णांच्या सेवानियमांत बसत नव्हतं. त्यांनी उपायांची यादी केली, प्रत्येकासमोर खर्चाचा रकाना आखला आणि नळीसमोर ‘शून्य’ लिहून तिला पहिला क्रमांक दिला.

“आधी डॉक्टरांना विचारा,” काकू म्हणाल्या. त्या एवढंच म्हणतात, आणि सहसा तेवढं पुरतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी यादी वाचली आणि अण्णांच्याच पेनने एकेक ओळ खोडली. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते, त्यामुळे तिच्या अंगावर जे लावाल ते तिच्या पोटात जातं. फिनेलसारखी जंतुनाशकं माणसाच्या यकृताला जितकी निकामी करता येतात तितकी मांजरीच्या यकृताला येत नाहीत. कापूरही तिला विषच. लसूण-कांद्याने तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि ती फुकटची नळी? बाईंनी नळीवरची बारीक अक्षरं वाचली आणि ती टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवून घेतली. “यात परमेथ्रिन आहे. कुत्र्याला चालतं. मांजरीला झटके येतात, जीवही जातो.”

अण्णांचा चेहरा उतरला. शून्य रुपयांचा उपाय हातचा गेला म्हणून, असं मला आधी वाटलं. घरी येताना मात्र त्यांनी रिक्षात सदरहूची टोपली मांडीवर घेतली होती आणि झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं.

मांजरीचं औषध वजनावर ठरतं. दवाखान्याच्या काट्यावर सदरहू उभी राहीना, म्हणून अण्णा तिला घेऊन चढले आणि मग एकटेच चढले. वजाबाकीतून सदरहूचं वजन मिळालं. पण त्या वजाबाकीत अण्णांचंही वजन लेखी आलं आणि काकूंनी ते वाचलं. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण उघडलं गेलं. ते त्याच संध्याकाळी ‘काटा सदोष असण्याची शक्यता’ या शेऱ्यानिशी बंद झालं.

औषधाचे थेंब मानेच्या मागे, केस बाजूला करून थेट कातडीवर घालायचे, जिथे तिची जीभ पोचत नाही. बाईंनी ते घालून दाखवले. मग त्या म्हणाल्या, “आता महिन्याने पुन्हा थेंब. आणि घरातली अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, कोपरे रोज झाडायचे...” यातलं पहिलं वाक्य अण्णांनी ऐकलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी ते मनात समारोपाचा मसुदा करत होते, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पोत्यावर मेलेल्या पिसवा सापडल्या. अण्णांनी त्या काडेपेटीत ठेवल्या, काडेपेटी नोंदवहीला दोऱ्याने बांधली आणि लिहिलं: ‘सदरहू मांजरीच्या अंगावरील पिसवांचे संपूर्ण उच्चाटन झाले असून, सबब प्रकरण दप्तरी दाखल.’ प्रत माहितीसाठी: नात, काकू आणि मी.

मग अण्णा आणि काकू मुलाकडे बंगळुरूला गेले. सदरहूला माझ्याकडे ठेवलं. तिने माझ्या घरात विशेष त्रास दिला नाही, एक खुर्ची घेतली आणि ती सोडली नाही.

तीन आठवड्यांनी ती दोघं परतली तेव्हा आषाढ लागला होता. अजिंक्यतारा ढगात, रस्त्यावर चिखल, हवा दमट. अण्णांनी पांढराशुभ्र लेंगा घातला होता. कुलूप उघडून ते आत गेले, खिडक्या उघडल्या, कोचावर बसले, उठले, आणि मला हाक मारली. लेंग्यावर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पूर्णविराम उमटले होते. काही पूर्णविराम उड्या मारत होते.

“हे जुनंच प्रकरण की नवीन?” अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी जे सांगितलं ते त्यांनी मागच्या वेळीही सांगायला घेतलं होतं. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे त्यांच्या एकूण संसारातल्या शंभरात जेमतेम पाच. बाकीचा संसार घरात असतो. एक मादी भर बहरात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे बसते, झोपते, अंग झटकते तिथे ती गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळून गादीच्या शिवणीत, फरशीच्या सांध्यात, कोचाखाली जातात आणि मोठ्या पिसवांची तीच तांबूस विष्ठा खाऊन वाढतात. मग चिकट कोश विणतात. कोशाला धूळ लागते, त्यामुळे तो दिसत नाही आणि औषधही आत सहसा शिरत नाही. आत पिसू तयार होऊन बसलेली असते, पण बाहेर येत नाही. घाई नसते तिला. वेळ पडली तर काही महिने थांबते. पावलांची कंपनं, अंगाची ऊब आणि श्वासाची हवा लागली की तिला कळतं, भोजन आलं. घर तीन आठवडे बंद होतं, त्यामुळे सगळ्या थांबल्या होत्या. तुम्ही आलात, कोचावर बसलात, त्यांना निमंत्रण पोचलं.

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “प्रतीक्षाधीन.”

हे ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठा पद्धत असते. कारकुनाच्या टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. ज्यांवर आज काम करायचं ते एका गठ्ठ्यात. ज्यांवर आपण लिहून पाठवलंय आणि उत्तराची वाट बघतोय ते प्रतीक्षाधीन. ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं नियतकालिक गठ्ठ्यात. मग स्थायी आदेश. मग अभिलेखागारात जपायला पाठवायचे आणि शेवटी नष्ट करायचे. अण्णांनी आयुष्यभर या सहा गठ्ठ्यांवर राज्य केलं. पिसवेने आपली अंडी, अळ्या, कोश आणि मोठ्या पिसवा घरभर बरोबर गठ्ठ्यांत लावून ठेवल्या होत्या आणि अण्णांनी वरचा एकच गठ्ठा बघून शिक्का मारला होता. मला वाटतं त्या दिवसापासून त्यांच्या मनात पिसवेबद्दल एक प्रकारचा आदर निर्माण झाला. “शिस्त आहे,” ते म्हणाले. “योग्य टेबलावर योग्य वेळी हजर होते.”

पण आदर निराळा आणि कारवाई निराळी. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी जिन्यात आवई उठवली की पिसवांनीच प्लेग येतो. गुरुजींचं निम्मं खरं होतं. प्लेग पिसवेतून येतो हे 1898 साली फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने कराचीत प्रयोग करून दाखवलं. मात्र आपल्याकडच्या प्लेगची ती मुख्य पिसू उंदरांवरची, सदरहूची जात वेगळी. अण्णांना हा फरक बारीक वाटला. 1897 च्या पुण्यात प्लेगच्या वेळी रँडसाहेबाचे गोरे शिपाई घरात शिरून सामान रस्त्यावर काढत, तसं त्यांनी घर काढायला घेतलं. गाद्या, उशा, पोतं, कोचाची खोळ, नातीचं जुनं गोधडीवजा काहीतरी, सगळं ‘बाहेर’. बाहेर धो धो पाऊस. गाद्यांना ऊन दाखवायचं तर भाद्रपदापर्यंत थांबावं लागलं असतं.

“रँडसाहेब,” काकू दारातून म्हणाल्या, “त्या माणसाचं पुढे काय झालं ते आठवा, आणि गाद्या आत घ्या.”

गाद्या आत आल्या. त्यानंतरचं काम काकूंच्या पद्धतीने झालं, म्हणजे गाजावाजा न होता. जे धुता येईल ते उकळत्या पाण्यात गेलं आणि पंख्याखाली वाळलं. व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडचा आणला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की त्याच्या थरथरीने कोशातल्या पिसवा बाहेर पडतात आणि ते बरंच आहे, बाहेर पडल्याशिवाय त्या औषधाला सापडत नाहीत. अण्णांनी यंत्र चालवायचं काम अंगावर घेतलं आणि त्याला ‘सुनावणी’ नाव दिलं. रोज सकाळी दहाला सुनावणी. पक्षकार हजर. यंत्रातली पिशवी लगेच खाली नेऊन बांधून टाकायची, नाहीतर पक्षकार परत येतात, हेही बाईंनीच बजावलं होतं. सदरहूला जंताचं औषधही झालं, कारण खाजवता-चाटताना पिसू पोटात गेली तर तिच्याबरोबर एक जातीचा पट्टकृमी जातो. ती गोळी कोणी कशी दिली याची नोंद वहीत नाही. त्या दिवशीच्या पानावर फक्त ‘दिली’ असं आहे, आणि अक्षर काकूंचं आहे.

संध्याकाळी मालिका बघता बघता काकू सदरहूला मांडीवर घेऊन लिखांच्या बारीक फणीने विंचरायच्या. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी आणि कवच टणक, बोटांनी चिरडायला गेलं की निसटते आणि पुढच्या क्षणी हातभर लांब असते. साबणाच्या पाण्यात मात्र बुडते. फणी वाटीत बुडवायची, पुन्हा फिरवायची. अण्णा बाजूला वही घेऊन बसायचे आणि विचारायचे, “आज?” काकू आकडा सांगायच्या. आकडा कधी घटायचा, कधी मधेच चढायचा. चढला की अण्णा अस्वस्थ. जो आकडा खाली येऊन थांबत नाही त्याच्यापुढे शेरा काय मारायचा?

डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं. निदान तीन महिने सलग थेंब, आणि सदरहू गच्चीवर दुसऱ्या मांजरींना भेटत असेल तर त्यानंतरही दर महिन्याला. अण्णांनी विचारलं, “अंतिम तारीख?” बाई म्हणाल्या, “अशी नाही.”

अंतिम तारीख नसलेलं प्रकरण! त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. काकूंना वाटलं रक्तदाब वाढला. सकाळी अण्णा उठले ते प्रसन्न चेहऱ्याने. रात्रीतून त्यांना तिसरा गठ्ठा आठवला होता. नियतकालिके! मासिक विवरणपत्र कधी निकाली निघत नाही, निघायचं नसतंच. ते फक्त वेळेवर जातं. वेळेवर गेलं की कारकुनाची मान ताठ, मग प्रश्न सुटो न सुटो. चार दशकं महसूल वसुलीची विवरणपत्रं ज्याने मुदतीत पाठवली त्याला पिसवा काय जड?

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला अण्णांकडे थेंब पडतात. सदरहूला कॅलेंडर कळतं की काय कोण जाणे, तीस तारखेच्या संध्याकाळीच ती माझ्या खुर्चीवर येऊन बसते. पाच तारखेच्या आत तक्ता तयार होतो: मागील शिल्लक, नवीन आवक, वाटीत बुडालेल्या, अखेरची शिल्लक. गेले काही महिने आवक जवळजवळ नाही. अण्णा थोडे खंतावलेले वाटतात.

सदरहूचं माझ्याकडचं येणं-जाणं लक्षात घेऊन गेल्या आठवड्यात मलाही एक कागद आला. ‘आपले घर पिसवामुक्त असल्याबाबत अहवाल सादर करावा. पद्धत: पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून सर्व खोल्यांतून सावकाश चालणे व मोजे तपासणे. विलंब झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल.’ मी मोजे घातले, चाललो, तपासले, आणि कागदाच्या खाली ‘निरंक’ लिहून परत पाठवला.

संध्याकाळी तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता: ‘सोबत मोजे जोडलेले नाहीत. त्रुटीपूर्ततेसाठी परत.’